पहिली पदवी जमेस धरावी

तंजावर, तमिळनाडू

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, तसेच मराठी, इतिहास व भाषाविज्ञान या विषयांच्या अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,



विषय : एका विद्याशाखेची पदवी पूर्ण करून दुसऱ्या विद्याशाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची दखल घेण्याबाबत.

एका विषयात पदवी घेतल्यानंतर दुसऱ्या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या शिक्षणव्यवस्थेत अजून मानाचे नाव मिळालेले नाही. घरी त्याला वाट चुकलेला समजतात, प्रवेशअर्जात तो 'अन्य शाखेचा' ठरतो, आणि मुलाखतीत त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांच्या अभ्यासाबद्दल विचारले जाते ते त्या वर्षांचा खुलासा मागितल्यासारखे. अभियांत्रिकी किंवा वाणिज्य सोडून भाषा आणि इतिहासाकडे येणाऱ्याला तर आपण वरच्या पायरीवरून खाली आलो असे वाटायला लावण्यात घर, समाज आणि महाविद्यालय या तिघांचेही एकमत असते. हे पत्र अशा विद्यार्थ्यांच्या बाजूने आहे, आणि ते तंजावरहून लिहिले जावे याला कारण आहे. मराठीचा जो ठेवा या शहरात आहे, तो एकाच विद्याशाखेत वाढलेल्या अभ्यासकाच्या हाती पूर्णपणे लागणे शक्यच नाही.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, कावेरीच्या या खोऱ्यात भोसल्यांची गादी होती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजी राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा मुलूख तेवढा उरला. तरीही दरबाराची लेखी भाषा मराठीच राहिली. बृहदीश्वराच्या प्रचंड आवारात १८०३ मध्ये भोसले घराण्याचा जो विस्तृत इतिहास कोरला गेला, तो तमिळ देशातल्या चोळकालीन मंदिरात देवनागरी अक्षरांनी आणि मराठी भाषेत कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत आणि त्यांच्याशिवाय मोडी कागदांचे रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधून ठेवलेला कागदांचा गठ्ठा. महाराष्ट्रातील दप्तरखान्यांतही हाच शब्द रूढ आहे. 'शिवभारत' या शिवचरित्रपर संस्कृत काव्याची पोथी याच संग्रहातून सदाशिव महादेव दिवेकरांच्या हाती लागली आणि १९२७ मध्ये ते काव्य छापून प्रसिद्ध झाले, ही गोष्ट महाराष्ट्रातील इतिहासाभ्यासकांना ठाऊक आहेच. त्या एका पोथीपलीकडे काय आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

या संग्रहातील एकच कृती उदाहरणासाठी घेता येईल. 'देवेंद्र कोरवंजी' हे सरफोजी राजांच्या नावावर असलेले मराठी नाटक. कोरवंजी, तमिळमध्ये कुरवंजी, हा तमिळ नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरात राहणारी कुरव जमातीची स्त्री नायिकेचे भविष्य सांगते आणि सांगता सांगता आपण पाहिलेल्या देशांचे, डोंगरांचे, नद्यांचे वर्णन गाते. सरफोजींच्या नाटकात याच सोयीचा उपयोग करून जगाचा भूगोल पदांतून सांगितलेला आहे. हे नाटक वाचायला बसणाऱ्याला मराठी तर हवीच. पण कुरवंजीची रचना कळण्यापुरते तमिळ साहित्य, पदांची घडण कळण्यापुरते कर्नाटक संगीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात शिकवला जाणारा भूगोल कोणता होता याची माहिती, हेही सारे हवे. मराठीचा पदवीधर या चारांपैकी एक बाजू घेऊन येतो. भूगोलाचा पदवीधर दुसरी बाजू घेऊन येतो, आणि त्याला मराठी शिकवली तर त्याचे वाचन पहिल्याच्या वाचनापेक्षा कमी प्रतीचे होईल असे मानायला काहीही आधार नाही. आजच्या व्यवस्थेत मात्र पहिला 'आपला' विद्यार्थी असतो आणि दुसरा बाहेरचा.

मोडी कागदांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. मोडी ही मराठीची धावती लिपी. आधी ओळीभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहायची रीत असल्यामुळे तीत दोन शब्दांमध्ये जागा सुटत नाही आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही राहत नाही. ही लिपी काही महिन्यांत वाचता येऊ लागते. त्यानंतर अडचण येते ती मजकुराची. तंजावरच्या कागदांत जमीन वेलीत मोजलेली असते. वीस मा म्हणजे एक वेली, आणि एक वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर. भात कलमात मोजलेले असते आणि एका कलमात बारा मरक्काल असतात. पैसा चक्रम आणि पणम या नाण्यांत असतो. जुन्या मराठी लेखनात शालिवाहन शक, फसली आणि हिजरी यांच्या जोडीला शुहूर सनही आढळतो. तो जूनमध्ये मृग नक्षत्राबरोबर सुरू होतो, आणि त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन निघतो. धान्याची कोठारे, देवस्थानांची नेमणूक, छत्रांचा म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळांचा खर्च, नोकरांचे पगार असा हिशेब ज्या कागदांत आहे, त्यांचा अर्थ लावायला जमाखर्च कळणारा वाणिज्याचा विद्यार्थी, पीकपाणी कळणारा कृषी पदवीधर आणि आकडेवारी हाताळू शकणारा संख्याशास्त्राचा विद्यार्थी लागतो. तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह प्रसिद्ध केलेले आहे. मराठीत या कागदांना वाचक मिळवून देण्याचे काम मराठी विद्यापीठांनी तितक्या नेटाने केले असते, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात औषधे तयार होत, रुग्णांवर उपचार होत. तेथील वैद्यांचे अनुभव 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या तमिळ पद्यग्रंथमालेत उतरले, आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह सरस्वती महालात आजही आहेत. या नोंदींचे महत्त्व ओळखण्यात नेत्रवैद्यांचा मोठा वाटा आहे, आणि हे साहजिकच आहे. चित्रातला डोळा कोणत्या विकाराचा आहे हे पोथीशास्त्र सांगू शकत नाही. नेत्रवैद्यकाची पदवी घेतलेल्या एखाद्या व्यक्तीला चाळिशीत मोडी आणि मराठी शिकून या दरबारी वैद्यकाचा इतिहास लिहावासा वाटला, तर तिला रीतसर प्रवेश देणारा, तिचे वैद्यकीय शिक्षण मोजणारा आणि उणे असेल तेवढेच शिकवणारा विभाग महाराष्ट्रात कोणता, याचे उत्तर अभ्यासमंडळांनीच द्यावे.

येथे एक बाब स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक आहे, कारण ती महाराष्ट्रात बसून सहसा लक्षात येत नाही. तंजावर, कुंभकोणम आणि आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांची मराठी इथल्या मातीत वाढलेली, तमिळच्या सहवासात वेगळा सूर घेतलेली आणि अनेक घरांत केवळ बोलण्यापुरती उरलेली आहे. तमिळनाडूत वाढणाऱ्या मुलाला मराठी हा शालेय विषय म्हणून मिळणे दुर्मीळ. त्याचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून होते आणि पदवीच्या वेळी तो इतर मुलांप्रमाणे अभियांत्रिकी, संगणक, वाणिज्य किंवा विज्ञान निवडतो. अशा मुलाला आपल्या पूर्वजांच्या भाषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा असेल, तर त्याच्यापुढे विषय बदलण्यावाचून मार्गच नाही. मराठीत पदवी नाही म्हणून त्याला पदव्युत्तर वर्गात कमी लेखणे म्हणजे त्याला कधीच न मिळालेल्या संधीचा दंड त्याच्याकडूनच वसूल करणे होय. त्याला तमिळ येते, त्याच्या कानावर तंजावरी मराठी आहे, आणि वेली म्हणजे किती हे त्याला कोशात पाहावे लागत नाही. तंजावरच्या कागदांसाठी याहून योग्य विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही.

विषय बदलून आलेल्यांनी महाराष्ट्राच्या विद्येला काय दिले याची आठवण विद्यापीठांना करून द्यावी लागते, ही खेदाची गोष्ट आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा तेथे आलेल्या अध्यापकांत इरावती कर्वे आणि हसमुख सांकलिया होते. कर्वे यांची पदवी तत्त्वज्ञानाची, पुढचा अभ्यास मुंबईत समाजशास्त्राचा आणि डॉक्टरेट बर्लिनमध्ये मानवशास्त्राची. सांकलियांनी संस्कृत आणि कायदा यांचे शिक्षण घेऊन नंतर लंडनला पुरातत्त्वात डॉक्टरेट केली. त्या संस्थेने त्यांच्या पहिल्या पदवीचा विषय अडसर मानला असता, तर महाराष्ट्रातील मानवशास्त्र आणि पुरातत्त्व या दोन्ही विद्यांचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण तर या पत्राच्या विषयाला अगदी जवळचे आहे. हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवी घेऊन गणिताचे अध्यापन करणाऱ्या कोसंबींनी प्राचीन आहत नाण्यांची, म्हणजे ठसे मारून केलेल्या चांदीच्या नाण्यांची, वजने तपासली. नाणे हातोहात फिरताना झिजते, आणि ही झीज संख्याशास्त्राने मोजली तर नाण्यांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवले. पुढे त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ लिहिला. येथे गणित मागे पडले नव्हते, ते इतिहासात वापरले गेले होते. नाण्यांच्या वजनांकडे तसे पाहणे केवळ इतिहासाच्या पदवीधराला सुचले नसते, आणि यात इतिहासाच्या पदवीचा कोणताही अवमान नाही.

आता गाऱ्हाणी.

पहिले गाऱ्हाणे प्रवेशासंबंधी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा प्रसिद्ध केला आणि २०२५ मध्ये पदवी व पदव्युत्तर शिक्षणाचे जे विनियम काढले, त्यांनी राष्ट्रीय किंवा विद्यापीठाच्या पातळीवरील प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याची आधीची पदवी कोणत्याही विषयाची असली तरी, नव्या विषयात प्रवेशाची वाट मोकळी केली. चार वर्षांची पदवी घेतलेल्या आणि गुणांची अट पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या पदवीपेक्षा वेगळ्या विषयात नेट परीक्षा देऊन पीएच.डी.कडे जाण्याचीही मुभा २०२४ पासून आहे. हे निर्णय स्वागतार्ह आहेत, परंतु ते अर्धे आहेत. ज्या विषयाचे शिक्षण विद्यार्थ्याला कोणी दिलेलेच नाही, त्याची परीक्षा त्याने स्वतःच्या बळावर द्यावी आणि मग वर्गात येऊन बसावे, अशी ही व्यवस्था आहे. परीक्षेपूर्वी शिकण्याची सोय कोण करणार, याबद्दल बहुतेक विभाग मौन बाळगतात. म्हणून ही मुभा व्यवहारात ज्याच्याकडे शिकवणीचे पैसे आणि मोकळे वर्ष आहे त्याच्यापुरती उरते. प्रत्येक विभागाने अन्य शाखेतून येणाऱ्यांसाठी एका सत्राचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे नव्या विषयाची मूलभूत साधने शिकवणारा पूर्वतयारीचा वर्ग, चालवावा आणि तो दूरस्थ पद्धतीनेही घेता यावा, ही पहिली विनंती आहे. मराठीसाठी अशा वर्गात जुन्या मराठीचे व्याकरण, मोडी, छंद आणि पाठचिकित्सा, म्हणजे एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याची रीत, एवढे आले तरी पुरे.

दुसरे गाऱ्हाणे मोडीचे. ज्या लिपीत मराठी कारभाराचा शतकांचा कागद लिहिला गेला, तिचे शिक्षण आज मुख्यतः पुराभिलेख खाते, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था आणि हौशी वर्ग यांच्या भरवशावर चालते. या सर्वांचे उपकार मोठे आहेत. तरीही हौसेचा दाखला आणि श्रेयांक असलेला विषय यांत फरक असतो. श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याने पूर्ण केलेल्या अध्ययनाचे मोजमाप, जे शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होऊन पुढच्या पदवीसाठी वापरता येते. मोडीचे श्रेयांक अभियांत्रिकी आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही पदवीच्या काळातच घेता आले, तर पुढे विषय बदलणे त्यांना जड जाणार नाही. याच पेढीतील श्रेयांक साधारणपणे सात वर्षेच ग्राह्य राहतात, हाही उशिरा वळणाऱ्यांवरील अन्याय आहे. नोकरी करून तिशीनंतर परत येणाऱ्याची शिदोरी नेमकी तेव्हाच रद्द होते, आणि ही मुदत वाढवून घेण्यासाठी कुलगुरूंनी आयोगाकडे आग्रह धरावा.

तिसरे गाऱ्हाणे नेमणुकांचे असून ते सर्वांत कठीण आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित किंवा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. 'संलग्न' या शब्दात पुष्कळ जागा आहे, परंतु निवडसमित्या तो शब्द सर्वांत अरुंद अर्थाने वाचतात, असा अन्य शाखेतून आलेल्या संशोधकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. परिणामी दोन विद्यांच्या सीमेवर चांगले काम केलेला संशोधक दोन्ही विभागांना परका ठरतो. मराठी विभागाला तो वैद्यकाचा वाटतो आणि वैद्यकीय महाविद्यालयाला मराठीचा. संलग्न विषयांची यादी प्रत्येक अभ्यासमंडळाने उदारपणे आणि लेखी स्वरूपात निश्चित करावी, म्हणजे उमेदवाराचे भवितव्य मुलाखतीच्या दिवशी समितीवर कोण बसले आहे यावर अवलंबून राहणार नाही.

मार्गदर्शकाचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. तंजावरच्या मराठीवर काम करणाऱ्याला महाराष्ट्रातील एक आणि तमिळनाडूतील एक असे दोन मार्गदर्शक लागतात. तमिळ विद्यापीठ याच शहरात १९८१ पासून आहे आणि दुर्मीळ पोथ्यांच्या अभ्यासाचा विभागही तेथे आहे. त्याच्याशी महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने संयुक्त मार्गदर्शनाचा करार करणे मुळीच अवघड नाही.

या मागण्यांवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विषयाचा पाया एका सत्रात भरून निघत नाही, दार फार रुंद केले तर वर्गाचा दर्जा खालावतो, आणि काही विद्यांमध्ये, विशेषतः ज्यांत माणसाचा जीव हाती असतो त्या वैद्यकासारख्या विद्यांमध्ये, पायरी गाळणे धोक्याचे असते. हे सर्व मान्य आहे. म्हणूनच या पत्रात कोणतीही शैक्षणिक अट गाळण्याची मागणी नाही; सेतू अभ्यासक्रमाची परीक्षा कडक असावी आणि तीत अनुत्तीर्ण होणाऱ्याला प्रवेश मिळू नये. परंतु दर्जाची चिंता एकाच बाजूने व्हावी हेही योग्य नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गातला जो विद्यार्थी आयुष्यात एकदाही जमाखर्चाचा कागद वाचत नाही, नकाशा पाहत नाही, तमिळ किंवा कन्नड या शेजारभाषांपैकी एकही शिकत नाही, त्याच्या पायाबद्दल अभ्यासमंडळांनी कधी काळजी व्यक्त केल्याचे दिसत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो २००४ मध्येच मिळालेला होता. या दर्जाबरोबर अभ्यासकेंद्रे, पुरस्कार आणि संशोधनासाठी निधी येतो, आणि तो निधी कोणावर खर्च करायचा याचे निर्णय येत्या काही वर्षांत आपल्याच सहीने होतील. त्यातील काही शिष्यवृत्त्या केवळ अन्य शाखेतून मराठीकडे येणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात, त्यांना वयाची अट नसावी आणि त्यांपैकी निदान काही महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठीभाषकांना मिळाव्यात, ही शेवटची विनंती आहे. अशा शिष्यवृत्तीवरचा विद्यार्थी तंजावरला वर्षभर राहू शकेल एवढी तिची रक्कम असावी, कारण सरस्वती महालातले काम पुण्या-मुंबईहून चार दिवसांच्या फेऱ्या मारून होत नाही.

भोसल्यांच्या दरबारातील कारकुनांनी बांधून ठेवलेले मोडी रुमाल आजही तंजावरात आहेत. त्यांतल्या हिशेबांना वाणिज्याचा, वेलींना शेतीचा आणि औषधांच्या नोंदींना वैद्यकाचा मराठी वाचक हवा आहे. येत्या शैक्षणिक वर्षाची प्रवेशनियमावली छापण्यापूर्वी प्रत्येक अभ्यासमंडळाने आपल्या पात्रतेच्या कलमावर एकदा या दृष्टीने विचार करावा, आणि तेथे अन्य शाखेच्या पदवीधरांचा उल्लेख आधी वगळलेल्यांमध्ये असेल, तर तो निमंत्रितांमध्ये करावा.

आपला विश्वासू,
तंजावरच्या मराठी संग्रहाचा एक वाचक